मंत्र, यंत्र आणि सेकंड शिफ्ट

किल्ले, ड्रॅगन आणि झाडूवरून उडणारे जादूगार खूप झाले. जादू आणि मशीन एकत्र नांदणारं जग लिहायचं असेल, तर खंडेनवमीला एमआयडीसीत एक चक्कर मारा!

खंडेनवमीच्या सकाळी तुम्ही कधी भोसरी किंवा चिंचवडच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये गेला आहात? नसाल, तर यंदा जाच. वर्षभर तेलकट असणारी लेथ मशीन धुऊन-पुसून लख्ख केलेली असते. सीएनसीच्या स्क्रीनवर कुंकवाचं बोट उमटलेलं असतं. पाने, व्हर्निअर, मायक्रोमीटर एका पाटावर मांडलेले, त्यांच्यावर झेंडूची फुलं. उत्तरेकडून आलेल्या कामगारांची विश्वकर्मा पूजा सप्टेंबरमध्येच होऊन गेलेली असते, तिचा फोटो अजून भिंतीवर असतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि ज्या मशीनचा प्रोग्रॅम मायक्रॉनमध्ये लिहिलेला असतो, तिला सगळे जण हात जोडतात.

आता हेच दृश्य एखाद्या इंग्रजी फॅन्टसी कादंबरीत आलं असतं, तर आपणच म्हणालो असतो, ‘काय वर्ल्डबिल्डिंग आहे राव!’

मी थेरगावची. एका बाजूला चिंचवड-भोसरीच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला डांगे चौकातून हिंजवडीकडे जाणाऱ्या आयटीच्या बस. पवनेच्या पलीकडे मोरया गोसावींचं समाधी मंदिर, अलीकडे पेपर मिल. अशा ठिकाणी वाढूनही माझ्या पहिल्या फॅन्टसी कथेत बर्फ होता, ओकची झाडं होती आणि ‘एल्ड्रिन’ नावाचा म्हातारा जादूगार होता. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता. ओक तर अजून पाहिलेला नाही.

तुमच्या वहीतही असा एखादा एल्ड्रिन दडला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

खरी अडचण कुठे येते?

फॅन्टसीमध्ये नुसती जादू लिहिणं त्या मानाने सोपं. नुसतं तंत्रज्ञान लिहिलं तर ती विज्ञानकथा. दोन्ही एकत्र आणलं की पहिला प्रश्न समोर येतो, तो म्हणजे मंत्र म्हणून दगड उचलता येत असेल, तर क्रेनचा शोध कोण लावेल? जखम हात फिरवून बरी होत असेल, तर इंजेक्शन कशाला? जादू फुकट आणि सगळ्यांना मिळणारी असेल, तर त्या जगात साधा स्क्रूसुद्धा तयार व्हायला नको.

बहुतेक नवे लेखक इथे दोनपैकी एक पळवाट घेतात. एक तर तंत्रज्ञान नुसतं सजावटीला ठेवतात, म्हणजे टोपीवर दातेरी चाकं चिकटवली की झालं. नाही तर जादूला विजेचं दुसरं नाव देतात, म्हणजे बल्बच्या जागी ‘तेजोमणी’, बाकी सगळं तेच. दोन्ही वेळा वाचकाला कळतं, की या जगात कोणी राहत नाही.

अमेरिकन लेखक ब्रँडन सँडरसन याने यावर एक नियम मांडला आहे. त्याचा मथितार्थ असा, की जादूने गोष्टीतली अडचण सोडवायची असेल, तर ती जादू कशी चालते हे वाचकाला आधी नीट कळलेलं हवं. म्हणजे नियम हवेत, मर्यादा हवी, किंमत हवी. आर्थर सी. क्लार्कचं एक विधान तर तुम्ही ऐकलंच असेल. तंत्रज्ञान पुरेसं पुढे गेलं, की ते आणि जादू यांत फरक करता येत नाही, अशा अर्थाचं. पण खरं सांगायचं, तर मराठी माणसाला हे सांगायला क्लार्कची गरजच नव्हती. आपले शब्दच बघा ना.

‘यंत्र’ म्हणजे नक्की काय?

‘यंत्र’ म्हणजे मशीन. आणि ‘यंत्र’ म्हणजे श्रीयंत्रही, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, पूजेतली आकृती. ‘तंत्र’ म्हणजे टेक्निक. आणि ‘तंत्र’ म्हणजे मंत्र-तंत्रातलंही तंत्र. आपण रोज ज्याला ‘तंत्रज्ञान’ म्हणतो, त्या शब्दात मांत्रिकाचं आणि इंजिनीअरचं सामान एकाच पेटीत ठेवलेलं आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला या दोन गोष्टी मुद्दाम जोडाव्या लागतात. आपल्या भाषेत त्या आधीपासूनच शेजारी राहतात.

आणि जुन्या गोष्टींतही. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये ‘कथासरित्सागर’ लिहिला. पण त्याचं मूळ मानली जाणारी ‘बृहत्कथा’ लिहिणारा गुणाढ्य परंपरेप्रमाणे सातवाहन राजाच्या दरबारात होता, म्हणजे आपल्या पैठणचा. त्या ‘कथासरित्सागरा’त राज्यधर आणि प्राणधर या दोन सुतार भावांची गोष्ट आहे. दोघे मयासुराच्या यंत्रविद्येत तरबेज. प्राणधराचे पैसे उधळपट्टीत संपतात, तेव्हा तो लाकडाचे हंस बनवतो. दोरीने चालणारे हे हंस राजाच्या कोठारात खिडकीतून शिरतात आणि चोचीत दागिने घेऊन परत येतात. चोरी उघडकीला येते आणि दोघे भाऊ उडत्या यंत्रांतून पळ काढतात. राज्यधर एका ओस नगरात पोहोचतो. तिथे तो एकटा आहे, म्हणून लाकडाची माणसं बनवतो. ती चालतात, फिरतात, कामं करतात. फक्त बोलत नाहीत.

थांबून विचार करा. ड्रोनने चोरी करणारा कारागीर आणि एकटेपणावर उपाय म्हणून रोबो बनवणारा त्याचा भाऊ. हजारेक वर्षं जुनी गोष्ट आहे ही!

दुसरं उदाहरण ‘लोकपञ्ञत्ति’ या पाली ग्रंथातलं. त्यात बुद्धाच्या अस्थींवर पहारा देणारी यंत्रं येतात. त्यांचं नाव आहे ‘भूतवाहनयंत’, म्हणजे भूतांनी चालणारी यंत्रं म्हणा ना! ही विद्या रोमच्या देशातली, असं गोष्ट सांगते. राजा अजातशत्रूच्या काळात बसवलेल्या या पहारेकऱ्यांशी पुढे सम्राट अशोकाची गाठ पडते. भूत, मशीन, परदेशी तंत्रज्ञान आणि सिक्युरिटी गार्ड, सगळं एकाच गोष्टीत.

पण हा इतिहास नाही हं!

इथे एक ब्रेक दाबायलाच हवा. वर सांगितलं त्या गोष्टी आहेत, पुरावे नाहीत. ‘बघा, आपल्याकडे तेव्हाच रोबो होते’ असं म्हटलं, की कल्पनेचा अपमान होतो आणि विज्ञानाचाही.

मराठी उदाहरणच घ्या. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं, असं सांगितलं जातं. त्यांच्यावरून स्फुरलेला, आयुष्मान खुरानाचा ‘हवाईजादा’ हा सिनेमा २०१५ मध्ये आला. त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा मात्र मिळालेला नाही. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचंही तसंच. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या संशोधकांनी १९७४ मध्ये त्याचा अभ्यास केला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पण कादंबरीचा विषय म्हणून? पहिल्या नंबरचा. पारतंत्र्यातली मुंबई, संस्कृत ग्रंथ, बांबूचा सांगाडा आणि एक हट्टी मराठी माणूस. ते विमान खुशाल उडवा. फक्त मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असं छापा.

महाराष्ट्रात लिहिताना ही रेघ जास्तच ठळक ठेवावी लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. जादूच्या नावाखाली माणसांना लुबाडणारे आपल्या आसपास खरोखर आहेत. फॅन्टसी लेखक आणि भोंदू यांच्यातला फरक साधा आहे. लेखक आधीच सांगतो, की हे खोटं आहे. आणि मग त्या खोट्याचे नियम प्रामाणिकपणे पाळतो.

नियम पाळणारी गोष्ट कशी असते, हे बघायचं तर ‘तुंबाड’ पुन्हा बघा. राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमामागे नारायण धारप यांच्या कथांची प्रेरणा आहे. २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरमध्ये चुकलेल्यांपैकी अनेकांनी तो २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर पाहिला. हस्तरला अन्न मिळू शकत नाही. म्हणून पिठाची बाहुली. बाहुलीकडे त्याचं लक्ष, तेवढ्यात मुद्रा उचलायच्या. पिठाचं रिंगण ओलांडायचं नाही. संपूर्ण भीती या दोन-तीन नियमांवर उभी आहे. आणि नियम मोडतो कोण? राक्षस नाही, माणसाची हाव.

विज्ञानकथेच्या बाजूने डॉ. जयंत नारळीकरांनीही हा पूल बांधला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. पुढे त्यांच्या कथासंग्रहाचं नाव काय असावं? ‘यक्षांची देणगी’. गोष्टी विज्ञानाच्या, शब्द पुराणातला. तंत्रज्ञानाला जुनं नाव दिलं, की ते लगेच आपल्या अंगणात येतं.

जादूगाराला पगार किती?

आता तुमच्या वॉचलिस्टकडे येऊ. ‘द लेजंड ऑफ कोरा’ ही मालिका आठवते? आधीच्या ‘अवतार’मध्ये हाताने वीज सोडणं ही राजघराण्यातली दुर्मीळ विद्या होती. ‘कोरा’मध्ये काही दशकं उलटली आहेत, शहर उभं राहिलंय आणि तीच वीज माको नावाचा मुलगा पॉवर प्लांटमध्ये रांगेत उभा राहून सोडतो. मजुरीसाठी! मला हा प्रसंग लढाईपेक्षा भारी वाटतो. चमत्काराची ड्युटी झाली, की जग खरं वाटायला लागतं.

‘आर्केन’मध्ये जेस आणि व्हिक्टर जादूच्या स्फटिकांना यंत्रात बसवतात. वरचं शहर श्रीमंत होतं, खालच्या वस्तीत धूर साचतो. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मध्ये तर नियमच असा, की काही मिळवायचं तर त्याच मोलाचं काही द्यावं लागतं. मेलेल्या आईला परत आणायला निघालेल्या एडवर्डचा एक पाय जातो, भावाचा जीव वाचवताना हातही जातो. त्याजागी येतात यांत्रिक हात-पाय. आपल्याकडे ‘कल्की २८९८ एडी’मध्ये अश्वत्थामा आणि बोलणारी बुज्जी गाडी एकाच कथेत धावतात.

या सगळ्यांत एक प्रश्न सारखा आहे. शक्ती कुठून येते हा नाही. तिची किंमत कोण मोजतं, हा.

हा प्रश्न मी ‘फुलमेटल’मधून शिकले, असं मला वाटायचं. मग लक्षात आलं, की तो मला आधीच माहीत होता. घरात.

दोन बटणांचा नियम

पप्पा पूर्वी एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. पत्रा डायवर ठेवायचा, प्रेस खाली येते, पत्र्याला आकार देते. या मशीनला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली, तरच प्रेस खाली यायची. कारण सरळ आहे. दोन्ही हात बटणावर असतील, तर एकही हात डायमध्ये नसेल. मंत्राला जशी मुद्रा लागते ना, तसाच हा नियम. कुठल्याही फॅन्टसीतल्यापेक्षा जास्त विचार करून बनवलेला.

पण दोन्ही हातांनी काम केलं, की वेळ लागतो. मग एका बटणात काडी अडकवतात. ते दाबलेलंच राहतं. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने जॉब. तासाला नग वाढतात.

मी तिसरीत होते. पप्पा सेकंड शिफ्टला गेले ते घरी आलेच नाहीत, रात्री काका आईला घेऊन दवाखान्यात गेले. पप्पांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. काडी कोणी लावली होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही. टार्गेट किती होतं, ते मात्र सगळ्यांना पाठ होतं. त्या प्रेसवर लिंबू-मिरची टांगलेली होती, असं पप्पा सांगतात. ताजी होती.

लेखक म्हणून मला यातली एकेक गोष्ट आता वेगळी दिसते. नियम होता. नियमाला बगल देणारी युक्ती होती. युक्तीचा फायदा एकाला मिळाला, किंमत दुसऱ्याने मोजली. आणि वर एक टांगलेलं लिंबू होतं, ज्याच्यावर सगळ्यांनी भरवसा ठेवला होता, कारण काडी काढण्यापेक्षा लिंबू बदलणं सोपं होतं.

पप्पा आता दुसरीकडे, स्टोअरमध्ये आहेत. तरी खंडेनवमीला तिथल्या प्रेसची पूजा तेच करतात. मागच्या वर्षी मी विचारलं, “पप्पा, तिनेच तुमची बोटं नेली, आणि तुम्ही तिलाच हळद-कुंकू लावता?”

ते म्हणाले, “अगं, तिने कुठे नेली? ती तर सांगितलं तेवढंच करते.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि मेन स्विच बंद करून पूजा करतात. वर्षातला हाच एक दिवस असा, की आत हात घालून तिला निवांत पुसता येतं.”

एल्ड्रिनच्या तोंडी असं वाक्य मला कधी सुचलं नसतं.

चला, थेरगावात एक जग उभारू

आता प्रॅक्टिकल. एकच नियम धरू. समजा, आपल्या गावात दिलेल्या शब्दातून वीज तयार होते. कोणी शब्द दिला, की लगेच थोडी वीज मिळते, उचल म्हणून. शब्द पाळला, तर ती कायमची. मोडला, तर व्याजासकट परत जाते. बस, एवढीच जादू. बाकी सगळं जग याच नियमातून काढायचं.

वीज साठवणार कुठे? केजूबाई बंधाऱ्यापाशी, कारण पाणी अडतं तिथे शब्दही अडतो, असं म्हणू. मोजणार कोण? म्हणजे मीटर आले, मीटर रीडिंग घेणारे आले, आणि ‘आमच्या घरात एवढे शब्द दिलेच नाहीत’ म्हणून भांडणारी मंडळीही आली. चोरी कशी होणार? दुसऱ्याच्या शब्दावर आकडा टाकून. बोट क्लबवर संध्याकाळी सगळ्यात जास्त प्रकाश का असतो, आणि परीक्षेच्या निकालानंतर तिथले काही दिवे अचानक का विझतात, हे तुम्हीच ठरवा. निवडणुकीच्या आठवड्यात डांगे चौक दिवाळीसारखा झगमगेल. नंतरचं वेगळं सांगायला नको.

आणि कंपन्या? त्या काय करतील? कायम कामगाराला शब्द द्यावा लागतो, तो महाग. मग कंत्राटी माणसं ठेवतील, ज्यांना कसलाच शब्द दिलेला नाही. त्यांच्याकडून मात्र रोज शब्द घेतला जाईल. कारखाना त्यांच्या शब्दावर चालेल आणि त्यांच्या खोलीत अंधार असेल.

बघा, अजून एकही तलवार उपसली नाही आणि गोष्ट सुरू झाली. नायिका कोण, ते मला माहीत आहे. मीटर रीडिंग घेणारी एक मुलगी. तिला एका खोलीत वीस वर्षं न विझलेला दिवा सापडतो. तो शब्द कोणी कोणाला दिला होता?

वही उघडण्याआधी

१. जादूचा नियम एका वाक्यात लिहा. दोन वाक्यं लागली, तर अजून विचार करा.

२. जादूला काय जमत नाही, ते आधी ठरवा. तंत्रज्ञान तिथेच जन्माला येतं. जिथे मंत्र थकतो, तिथे माणूस पाना उचलतो.

३. नियमाला बगल कोण देणार? बटणात काडी अडकवणारा माणूस प्रत्येक जगात असतो. त्याला शोधा, कथानक सापडेल.

४. किंमत कोण मोजतं? नफा घेणारा आणि किंमत मोजणारा एकच असेल, तर ती नीतिकथा. वेगवेगळे असतील, तर कादंबरी.

५. जादूच्या वस्तू दुरुस्त कोण करतं, कुठे करतं, किती पैसे घेतं? मेकॅनिक नसलेलं जग खोटं वाटतं.

६. नावं आपल्या आसपासची ठेवा. ‘एल्ड्रिन’ची बस चुकत नाही, त्याला डबा लागत नाही, त्याच्या हाताला तेलाचा वास येत नाही.

माझा एल्ड्रिन मी या सुट्टीत बदलला. तो आता पन्नाशीचा आहे, बर्फाऐवजी पवनेकाठी राहतो, स्टोअरमध्ये कामाला आहे. नाव अजून ठरलं नाही. पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आखूड आहेत, आणि मंत्र म्हणण्याआधी तो मेन स्विच बंद आहे ना, हे दोनदा तपासतो.